शब्द कळले, वाक्य निसटलं

अगं, काल तुझा फोन ठेवला आणि मग मला झोपच लागेना. तू रडत होतीस आणि मधेच म्हणालीस, "ताई, शब्द सगळे कळले गं. कम, ओव्हर, ऑल, फनी. एकही शब्द नवीन नव्हता. पण वाक्य कळलं नाही." तेवढंच डोक्यात घोळत राहिलं. आज मला सुट्टी आहे, म्हणून निवांत बसून लिहितेय. फोनवर तू रात्रपाळी करून दमलेली असतेस आणि ही गोष्ट घाईत सांगण्यासारखी नाही.

आधी त्या आजीबाईंचं बोलू. बाथरूममधून परत येताना त्यांनी पलंगाचा कठडा धरला आणि म्हणाल्या, "ओह, आय हॅव कम ओव्हर ऑल फनी." तुला वाटलं काहीतरी गमतीचं बोलल्या, म्हणून तू हसलीस. दुसऱ्याच क्षणी त्यांचे गुडघे लटपटले. तुझ्या सोबतिणीनं खुर्ची पुढे केली आणि निभावलं. 'कम ओव्हर ऑल फनी' म्हणजे एकाएकी कसंतरी व्हायला लागणं. आपली आई म्हणते ना, "अगं, मला कसंतरीच होतंय", अगदी तेच. आई तसं म्हणाली असती तर तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तू तिला धरलं असतंस. म्हणजे तुझी माया कमी पडली नाही आणि तुझं नर्सिंगही कमी पडलं नाही. एका छोट्याशा 'ओव्हर'नं दगा दिला. तू मराठी शाळेत शिकलीस, मिरजेला नर्सिंग केलंस, ओईटी ही इंग्रजीची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालीस. एवढ्या वाटेवर हा 'ओव्हर' तुला कुणी समजावून सांगितलाच नाही, तर तुला तो कळणार कसा?

मलाही कुणी सांगितला नव्हता. इथे इंग्लंडात आल्यावर पहिल्या वर्षी मी एका शाळेत मदतनीस होते. एक दिवस कुणी बाई मुख्याध्यापिकांना भेटायला आल्या होत्या. भेट संपल्यावर मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "वुड यू सी हर आउट?" मी 'सी' म्हणजे बघणं धरून बसले. त्या बाई बाहेर आहेत का ते बघ, असं मला वाटलं. मी धावत बाहेर गेले, फाटकापर्यंत बघून आले आणि सांगितलं की बाहेर कुणी नाही. त्या बाई तिथेच पर्स घेऊन उभ्या होत्या. 'सी हर आउट' म्हणजे त्यांना दारापर्यंत पोचवून ये. मला त्या दिवशी फार लागलं. संध्याकाळी घरी येऊन वही काढली आणि लिहिलं: 'सी' हे बघणं आहे, मग यात जाणं कुठून आलं? उत्तर समोरच होतं. जाणं 'आउट'मध्ये होतं.

हीच एक गोष्ट मला तुला सांगायची आहे. आपण मराठी माणसं वाक्यात कोण कुठल्या दिशेनं गेलं ते क्रियापदात शोधतो. इंग्रजी माणूस ते क्रियापदामागच्या शेपटात ठेवतो.

आपली क्रियापदं आठवून बघ. चढ, उतर, शीर, नीघ, ओलांड, पोच, परत. यातल्या प्रत्येकात दिशा आतच बसवलेली आहे. 'उतर' म्हटलं की 'खाली' वेगळं सांगावं लागत नाही. सोफ्यावर नाचणाऱ्या पोराला आपण म्हणतो, "उतर आधी!" इथली आई म्हणते, "ऑफ!" किंवा "डाउन!" तिला क्रियापदाची गरजच पडत नाही, शेपूट एकटं पुरतं. कुणाचा निरोप घेताना आपण म्हणतो, "निघते हं" किंवा "येते". इथे म्हणतात, "आय ॲम ऑफ." त्यात जाणं नाही, निघणं नाही, नुसतं 'असणं' आहे, आणि अख्खं निघणं त्या 'ऑफ'नं उचललं आहे. तुझ्या वॉर्डातल्या सिस्टर पेशंटला उठवताना म्हणतात ना, "अप यू गेट"? लहान मुलांना म्हणतात "इन यू कम", "ऑफ यू गो". महत्त्वाचा शब्द उचलून पुढे आणून ठेवलाय बघ.

आपल्याकडेही "बाहेर हो", "चल, मागे हो" असं असतं, नाही असं नाही. 'आत', 'बाहेर', 'वर', 'खाली' हे शब्द आपणही रोज वापरतो. पण आपलं मन आधी क्रियापदाकडे जातं, त्यांचं या छोट्या शब्दाकडे. फरक सवयीचा आहे.

मग इंग्रजी क्रियापदात काय असतं? कसं गेलं ते. लेनर्ड टाल्मी नावाचे अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी १९८५ साली एका मोठ्या लेखात हे उलगडून दाखवलं. त्यांचं उदाहरण एका बाटलीचं आहे: 'द बॉटल फ्लोटेड इनटू द केव्ह'. तरंगणं क्रियापदात, आत जाणं शेपटात. स्पॅनिश माणूस नेमकं उलट करतो: शिरणं क्रियापदात आणि तरंगणं जोडीला. आता हेच मराठीत म्हणून बघ. 'बाटली तरंगत तरंगत गुहेत शिरली.' आपण स्पॅनिशच्या बाजूला! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता. आपल्याला इंग्रजी येत नाही असं नसून आपण वाक्याचं ओझं दुसऱ्या खांद्यावर वाहतो, एवढंच.

बेडकाच्या गोष्टीचं एक पुस्तक आहे, मर्सर मेयर यांचं, १९६९ सालचं. त्यात शब्दच नाहीत, नुसती चित्रं. एका मुलाचा बेडूक बरणीतून पळतो आणि तो कुत्र्याला घेऊन त्याला शोधत फिरतो. डॅन स्लोबिन आणि रूथ बर्मन या अभ्यासकांनी ते पुस्तक घेऊन इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की अशा पाच भाषांतल्या मुलांना आणि मोठ्यांना गोष्ट सांगायला लावली. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९९४ साली आला. चित्रात एक घुबड झाडाच्या ढोलीतून बाहेर येतं. स्पॅनिश सांगणारे बहुतेक करून घुबड 'निघालं' म्हणत. इंग्रजी सांगणाऱ्यांच्या तोंडी 'पॉप्ड आउट', 'फ्ल्यू आउट' असं येई. चित्र तेच, पण इंग्रजीत ते कसं बाहेर आलं हे सांगायची जागा क्रियापदातच तयार असते, म्हणून ते सहज सांगून जातात.

आपण ते 'कसं' कुठे ठेवतो? अगं, आपल्याकडे त्याची खाण आहे! दुडूदुडू, तुरुतुरु, झपझप, लगबगा, भुर्रकन, हळूच, दबकत, खुरडत, फरफटत, पाय ओढत. 'बाळ दुडूदुडू आत आलं' हे इंग्रजीत 'टॉडल्ड इन' होतं. आपलं दुडूदुडू त्यांच्या क्रियापदात गेलं आणि आपलं 'आत आलं' एवढ्याशा 'इन'मध्ये. 'चवड्यांवर, आवाज न करता बाहेर गेली' म्हणजे 'टिपटोड आउट'. 'लंगडत जिना चढला' म्हणजे 'लिम्प्ड अप द स्टेअर्स'. आणि गर्दीत कोपरानं वाट काढत डब्यात शिरणं तर तू लोकलमध्ये केलंयस. 'एल्बोड हर वे इन.' कोपर चक्क क्रियापद झालं आणि 'वाट' त्यांनीही तशीच ठेवली.

आता वॉर्डात ये. इथले डॉक्टर तपासताना म्हणतात, "पॉप अप ऑन द बेड फॉर मी." 'पॉप' ऐकून तुला काहीतरी फुटल्यासारखं वाटलं होतं, तू सांगितलंस. 'पॉप' इथे फक्त सहजपणा सांगतो: चटकन, विशेष काही नाही, घाबरू नका. 'हॉप अप' तसंच, 'स्लिप युवर शूज ऑफ' तसंच. काय करायचं ते 'अप' आणि 'ऑफ' सांगतात: पलंगावर चढा, चपला काढा. क्रियापद ऐकू आलं नाही, कुणी तोंडात पुटपुटलं, तरी शेपूट पकड. ते बहुधा ठासून उच्चारलेलं असतं. कान देऊन ऐक, 'सिट हिम अप'मध्ये जोर 'अप'वर पडतो. तोच जोर तुझ्याही बोलण्यात आण. तू 'सिट'वर जोर देतेस, म्हणून समोरचा क्षणभर थांबतो.

'मूव्ह हर अप द बेड' ऐकून तू गोंधळली होतीस, कारण पेशंट आडवी आहे, तिला वर कुठे न्यायचं? पण मिरजेच्या हॉस्पिटलात तूच म्हणायचीस की, "आजी, जरा वर सरका"! उशाकडे म्हणजे वर, पायथ्याकडे म्हणजे खाली. दोन्ही भाषांत तेच. फक्त बाकावर शेजारी बसलेलं कुणी "मूव्ह अप अ बिट" म्हणालं, तर बाजूला सरकायचं, उभं राहायचं नाही.

पलंगाचं आणखी एक नीट समजून घे, कारण तुला नोंदी लिहाव्या लागतात. आपण म्हणतो 'पलंगावरून पडले'. तू सरळ 'ऑफ द बेड' लिहिशील. पण पांघरूण घेऊन झोपलेला माणूस इंग्रजीत 'इन बेड' असतो, अंथरुणाच्या आत. म्हणून झोपेतून पडला तर 'फेल आउट ऑफ बेड'. पांघरुणावर बसलेला किंवा तपासणीला आडवा झालेला माणूस 'ऑन द बेड' असतो, तो पडला तर 'ऑफ'. आत असेल तर आउट, वर असेल तर ऑफ. गाड्यांचंही बरंचसं असंच आहे. टॅक्सीत 'गेट इन', बाहेर 'गेट आउट'. बस, ट्रेन, विमान, म्हणजे जिथे पाऊल वर ठेवून उभं राहता येतं, तिथे 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. आपण भारतात 'गेट डाउन फ्रॉम द बस' म्हणतो, कारण आपल्या मनात 'उतर' असतो. इथे ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण कानाला खटकतं. जेवणाच्या टेबलावर मात्र इथली मुलं विचारतात, "मे आय गेट डाउन?" म्हणजे झालं माझं, उठू का?

आपल्या 'वरून'नं आणि 'तून'नं मला सगळ्यात जास्त छळलं. तुलाही छळणार. आपण 'वर'ला 'ऊन' लावतो आणि मोकळे होतो. भिंतीवरून उडी मारली, पुलावरून गेलो, टेबलावरून पेला पडला, रस्त्यावरून चाललो. चारी ठिकाणी एकच 'वरून'. इंग्रजी इथे थांबून विचारतं: पलीकडे गेलास का? मग 'ओव्हर' नाहीतर 'अक्रॉस'. चिकटून होतास आणि सुटलास का? मग 'ऑफ'. त्याच्या लांबीनं चाललास का? मग 'अलाँग' किंवा 'डाउन'. 'तून'चंही तसंच. पिशवीतून काढलं तर 'आउट ऑफ', गर्दीतून गेलो तर 'थ्रू'. म्हणून तोंडातून शब्द बाहेर पडायच्या आधी शब्दकोश आठवू नकोस, डोळ्यांसमोर चित्र आण. सुटलं, आरपार गेलं, पार झालं, की नुसतं लांबीनं सरकलं? चित्र स्पष्ट झालं की शेपूट आपोआप येतं. आणि जिथे आपण दोन गोष्टी जोडतो तिथे कधीकधी तेही जोडतात. 'पलंगाखालून काढ' म्हणजे 'फ्रॉम अंडर', 'पडद्यामागून आला' म्हणजे 'फ्रॉम बिहाइंड'. खाली आणि ऊन, मागे आणि ऊन. अगदी आपल्यासारखं.

'इन' आणि 'इनटू'चं कोडं तर तू पाचवी-सहावीतच सोडवलंयस. बाईंनी शिकवलेलं आठव: 'तो पुढे गेला' यातलं 'पुढे' क्रियाविशेषण अव्यय, 'घरापुढे' यातलं शब्दयोगी अव्यय. तेच इथे आहे. 'कम इन' म्हणजे 'आत ये', पुढे नाम नाही. नाम आलं की 'कम इनटू द रूम', 'खोलीत ये'. 'गो आउट' एकटं, नाम आलं की 'आउट ऑफ'. दारावर टकटक झाली तर 'कम इनटू' म्हणायचं नाही, एवढं पुरे.

आणि एक छोटा नियम, जो तू रोज मोडतेस. 'त्याला बसतं कर' म्हणायचं तर 'सिट हिम अप', 'तिला कुशीवर वळव' म्हणायचं तर 'टर्न हर ओव्हर'. हिम, हर, इट, देम हे मधेच बसतात. 'सिट अप हिम' कधीच नाही. पण 'लुक आफ्टर हर'मध्ये 'आफ्टर' हललं नाही, कारण ते क्रियापदाचं शेपूट नसून 'हर'ला जोडलेलं शब्दयोगी आहे. टेकडी धावत चढला तरी 'रॅन अप द हिल' आणि बिल वाढवून ठेवलं तरी 'रॅन अप द बिल'. दिसायला सारखं, पण 'रॅन द बिल अप' चालतं आणि 'रॅन द हिल अप' चालत नाही. बाकी सरावानं येईल.

तुझा दुसरा प्रश्न होता, "मग आपल्याला एंटर, असेंड, डिसेंड, रिटर्न असं का शिकवलं?" चूक नाही शिकवलं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. मग राजाच्या दरबाराची आणि न्यायाची भाषा कित्येक पिढ्या फ्रेंच राहिली, विद्वानांची लॅटिन. एंटर आणि रिटर्न हे फ्रेंचकडून आले, असेंड लॅटिनमधून. त्यांच्यात आपल्या क्रियापदांसारखी दिशा आतच असते, म्हणून आपल्याला ते जवळचे वाटतात. पण त्यांच्या अंगावर अजून दरबारी कपडे आहेत. घरात, स्वयंपाकघरात, आजारपणात माणसं 'गो इन', 'कम बॅक', 'गो अप', 'गो डाउन' म्हणतात. वेदनेनं कळवळणारी बाई 'माय पेन हॅज रिटर्न्ड' म्हणणार नाही, 'इट्स कम बॅक' म्हणेल. तुझी कागदावरची इंग्रजी उत्तम आहे बाळ. आता पलंगाशेजारची शिकायची आहे. आणि 'एंटर'मध्ये आत जाणं आधीच आहे, म्हणून 'एंटर इनटू द रूम' म्हणू नकोस. 'रिटर्न बॅक'ही नको.

परक्या माणसाला हे अवघड जातं, ही तक्रार जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सननी १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी मुद्दाम लिहून ठेवलं की क्रियापदामागे असा छोटा शब्द लागला की अर्थ बदलतो आणि परदेशी लोकांना ते सगळ्यात कठीण जातं. म्हणजे अडीचशे वर्षांहून जास्त काळ तुझ्यासारखे लोक इथे ठेचकाळत आले आहेत.

पण आपल्याला ते अगदीच परकं नाही. संस्कृतचे २२ उपसर्ग आपण शाळेत घोकले. एका 'हृ' धातूचे आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात, एका 'गम्'चे आगमन, निर्गमन, संगम, उद्गम. हेच तर चाललंय इंग्रजीत! वेदांच्या भाषेत हे उपसर्ग धातूपासून सुटे, वाक्यात लांबही ठेवलेले सापडतात. पुढे ते धातूला चिकटून बसले. इंग्रजीची वाट उलटी. जुन्या इंग्रजीत असे शब्द बरेचदा क्रियापदाच्या आधी यायचे, नंतर ते मागे जाऊन सुटे राहिले. इनकम, आउटकम, डाउनफॉल या नामांत ती जुनी मांडणी अजून दिसते. आपल्या 'उतरणे'मध्येही 'उत्' लपलेला आहे. संस्कृतात 'उत्तरति' म्हणजे पाण्यातून वर, काठावर येतो. नदीला उतार मिळाला असं आपण म्हणतो, ते तिथलंच. नावेतून काठावर पाय ठेवला की माणूस 'उतरला', आणि तो शब्द हळूहळू 'खाली येणं' होऊन बसला. आपल्या शेपटांना आपण गिळून टाकलंय, त्यांनी बाहेर लोंबती ठेवली आहेत.

'गिळून टाकलंय' वरून आठवलं. 'ड्रिंक अप', 'ईट अप'मधला 'अप' तुला कळत नव्हता. वर जाण्याशी त्याचा संबंध राहिलेला नाही, तो 'संपव' असं सांगतो. आपण म्हणतो ना, 'पिऊन टाक', 'खाऊन टाक'? तिथे काय फेकायचं असतं? काहीच नाही. तरी कुठल्याही मराठी पोराला 'टाक' समजावून सांगावा लागत नाही. तो 'अप' म्हणजे आपला 'टाक'.

आजारपणाच्या बोलण्यात तर मला दोन्ही भाषा बहिणी वाटतात. ताप आपल्याकडे चढतो आणि उतरतो, त्यांच्याकडे 'गोज अप', 'कम्स डाउन'. सूज उतरते, 'गोज डाउन'. अंगावर पुरळ उठतं, ते म्हणतात 'आय हॅव कम आउट इन अ रॅश'. शुद्धीवर येणं म्हणजे 'कम राउंड'. पोटात काही ठरत नाही, म्हणजे 'कान्ट कीप एनीथिंग डाउन'. घास चुकीच्या वाटेनं गेला, ठसका लागला, म्हणजे 'इट वेंट डाउन द राँग वे'. 'ब्रिंग अप' मात्र जपून ऐक. पेशंट "आय ब्रॉट अप माय ब्रेकफास्ट" म्हणाला तर नाश्ता ओकून पडलाय, आणि नातेवाईक "आय ब्रॉट हर अप" म्हणाली तर तिनं तिला लहानाचं मोठं केलंय. कफ 'ब्रिंग अप' होतो, मूल 'ब्रिंग अप' होतं. दोन्हीत खालून वर आणणंच आहे. आपणही मुलाला 'वाढवतो'.

'ऑफ'वर जरा जास्त वेळ घालव. जे लागून होतं, चिकटून होतं, ते सुटलं की 'ऑफ'. पट्टी सुटली, 'द ड्रेसिंग्ज कम ऑफ'. गोळीचा अंमल उतरला, 'इट्स वोर्न ऑफ'. "आय हॅव गॉन ऑफ माय फूड", म्हणजे अन्नावरची वासना उडाली. बघ, आपणही तिथे उडण्याचं क्रियापद वापरलं! दूध नासलं, 'गॉन ऑफ'. आणि "शी हॅज जस्ट ड्रॉप्ड ऑफ" असं कुणी हळू आवाजात म्हणालं तर धावू नकोस, पलंगाखाली बघू नकोस. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. जागेपणापासून सुटून झोपेत पडल्या.

'अप' आणि 'डाउन' सपाट जमिनीवरही चालतात. "अ मॅन केम अप टु मी" म्हणजे तो वर आला नाही, माझ्या अगदी जवळ आला. "इट्स डाउन द रोड" म्हणजे उतारावर नव्हे, याच रस्त्यानं पुढे. लंडनला जाणं म्हणजे 'अप टु लंडन', मग तुमचं गाव नकाशात उत्तरेला का असेना. इथल्या रेल्वेनं मुख्य ठिकाणाकडे जाणारी गाडी 'अप' आणि उलट जाणारी 'डाउन' ठरवली आणि तीच रीत आपल्याकडे आली. म्हणून मध्य रेल्वेवर मुंबईकडे येणारी गाडी अप. आपले बाबा रोज सांगली-मिरज 'अप-डाऊन' करायचे, आठवतं? या छोट्या शब्दांचं आपण मराठीत नाम केलं, करणं जोडलं आणि वापरलं. चेकअप, पिकअप, फॉलोअप, टेकऑफ, सगळं तोंडात बसलंय. तुझी रोजची 'हँडओव्हर' तरी काय आहे? या हातातून त्या हातात सोपवणं.

बाजारात मिळतात ती यादीची पुस्तकं घेऊ नकोस. मी घेतली होती, 'ए'पासून सुरू होणारी, एकेका 'गेट'खाली तीस-तीस अर्थ. पाठ होतात आणि ऐनवेळी एकही आठवत नाही. त्यापेक्षा एक छोटी वही कर, खिशात मावेल अशी. पानं शेपटाच्या नावानं कर: ऑफच्या पानावर ऑफ, आउटच्या पानावर आउट. वर एक बाण काढ. ऐकलेलं वाक्य देवनागरीत लिही आणि समोर मराठी क्रियापद: सुटलं, निघालं, उतरलं, उडालं, उठलं. भाषांतर शोधू नकोस, आई ते कसं म्हणाली असती ते लिही. माझी तशी वही अजून आहे, पहिल्या पानावर 'सी हर आउट' आहे. तुझ्या पहिल्या पानावर 'ओव्हर' असेल.

कळलं नाही तर विचार, लाजू नकोस. "सॉरी, डू यू मीन यू फील अनवेल?" एवढं वाक्य आत्ताच पाठ कर. उद्या ड्यूटीवर गेलीस की आधी त्या आजीबाईंकडे जा. त्या उठायला लागल्या तर एकदम उभं करू नकोस. पलंगाच्या कडेला बसव, पाय खाली सोडू दे, दोन मिनिटं थांब, मग 'अप यू गेट'. आणि पुन्हा म्हणाल्या की 'आय हॅव कम ओव्हर फनी', तर त्यांना तिथेच बसव, बीपी बघ आणि वरिष्ठ सिस्टरला लगेच हाक मार. मग वही काढ, वाक्य लिही आणि मला फोन कर. रात्रीचे तीन वाजले असले तरी कर.